पान नऊ

नाय नाय साहेब, सोंगट्या गोळा नका करू — डाव अजून चालू हाय. तुमचे रोमन रस्त्यावर लांबच लांब रांगंत, आन् माझे जर्मन रानात. आता बगा, मी रानातनं दोन्ही अंगांनी येतो — एक, दोन, तीन — उचला. गरुडाचा झेंडापण उचला. काय? असं चालत नाय? चालतं की. रानात गाठलं तर रोमनांची पुढची एकच सोंगटी लढते, मागच्या नुसत्या बगतात. नियम हाय. पान नऊ.

वर्ष झालं आपण खेळतो. पोरानं परदेशातनं तुमाला खेळ पाठवला, रिटायर झाल्यावर तिकडं सरावली गावात तुमच्याशी खेळाया कोण नाय, म्हणून इथं कुंभवलीला माझ्या ओटीवर आलात — वामन, तू जर्मन हो, जंगली लोक ते, तुला जमंल! मी हसलो. कंपनीतपण तुमी मला जंगलीच म्हणायचे, मला वाटायचं मायेनं म्हणतात. नियमांचं पुस्तक इंग्रजीत — तुमी वाचून मराठीत सांगायचे, मी मान हलवायचो. वर्षभर हरलो, पण राग नाय आला कधी. खरं सांगू? दुपारचे दोन वाजले की मी धुतलेला सदरा घालायचो, आमची हेमाली हसायची, बाबा, सोयरीक जमवाया चाललात का — जाऊ दे. ते कशाला सांगतोय मी तुमाला.

रविवारी तिनंच पुस्तक वाचलं. म्हणली, बाबा, पान नऊ तुमाला सांगितलंच नाय. मी म्हणलो, राहिलं असंल, साहेब विसरले असतील — तुमची बाजू घेतली मी, कळलं? आन् मंग जेवताना घास हातातच राहिला. म्हणलो, साहेबांनी मला आजून एक इंग्रजी कागद वाचून दाखवला होता.

कुठला ते तुमाला ठावं हाय. खाली काय बगता? कंपनीत रसायनाचा रिॲक्टर तापला, मी म्हणलो वाफ बंद करतो, तुमी म्हणालात, बॅच पुरी होऊ दे. आन् हा उजवा हात भाजून कामातनं गेला. दवाखान्यात तुमी आलात, केळी घेऊन, कागद पुढं केलात — सुट्टीचा अर्ज हाय वामन, डाव्या हातानं कर सही. केली. महिन्यात नोकरी गेली. कंपनीनं पत्राबरोबर त्या कागदाची झेरॉक्स धाडली, तवा हेमाली लहान, मी लाजंनं कुणाला दाखवली नाय. आठ वर्षं मालकाला शिव्या घातल्या, साहेब, आन् तुमाला चा पाजला! रविवारी पेटीतनं काढली, पोरीनं वाचली — त्यात लिवलंय, मी पाळीवर झोपलो होतो, चूक माझी. झोपलो होतो! पोरीनं माझ्याकडं बगितलं, साहेब. बगितलं फक्त.

बसा. चा नाय आज. हा कागद घ्या — तिनं टाईप केलाय, इंग्रजीत, तुमच्या सोयीनं. चष्मा खिशातच राहू द्या. कागदावरनं हात नका सरकवू माझा, भाजलेला हाय, तुमालाच किळस येईल. वाचायचा कशाला? मी सांगतो ना मराठीत.

सुट्टीचा अर्ज हाय. उद्यापासनं या ओटीवरनं तुमाला सुट्टी. करा सही.