कोंबडा आरवेस्तोवर

ऐका रं, ऐका. आन त्यो मोबाईल खाली ठिव आधी, न्हाईतर सांगनारच न्हाई मी!

माझा लेक सुबराव अंधार पडल्यावर घरातनं निघाला. माळावर पत्र्याच्या आठ शेड हायत न्हवं, कंपनीच्या कोंबड्यांच्या? त्यातल्या सहा नंबरचा पंखा बंद पडलावता. जाता जाता मला म्हनतोय कसा, "आये, तुझा तांबडा कोंबडा उद्या सकाळी कापतो. गावरान दिसला तर कंपनी शेडात पाळाया पिल्लं देनार न्हाई. रोग येतो म्हनत्यात." अख्ख्या गावानं आपापल्या कोंबड्या कापल्यावत्या. माझा तेवढा एक उरलेला, डालग्याखाली लपवलेला. लई वंगाळ वाटलं मला.

सुबराव माळाच्या वाटंनं गेला. आधी तिथं चिंच हुती, बांध हुता, वढा हुता. शेडसाठी समदं सपाट केलं. आता नुसत्या माशा आन वास! चकव्याला आयतंच रान मिळालं की! पंखा नीट करून हा परतला, तर म्होरं सहा नंबर. चालला, चालला. पुन्ना सहा नंबर! मग हाक आली, "सुबराव, हिकडं ये." आवाज माझा, बरं का! समदं त्येनंच सांगितलं मला. मग घरचा दिवा दिसाया लागला. हा आपला दिव्याच्या मागं. आन मेलेल्या कोंबड्या टाकायचा खड्डा, दोन पुरुस खोल, दर फेऱ्याला जवळ येतोय.

कोंबडा आरवला की चकवा सोडतो, ठावं हाय न्हवं? चार वाजले. पाच वाजले. चाळीस हजार पाखरं, आन एकबी आरवंना! आरवनार कशी? शेडात रातभर लाईट, त्यास्नी रात म्हाईतच न्हाई. आन गळा फुटायच्या आत, चाळीस दिसांत, गाडीत भरून न्हेत्यात.

सुबरावचा एक पाय खड्ड्यात गेला. आन तेवढ्यात माझा तांबडा वरडला, कुकूऽऽच कू! दिवा विझला. हाक थांबली. माझा एवढा थोरला लेक खड्ड्याच्या कडंला बसून रडला वो!

घरी आला आन डालगं उचललं. मी म्हनलं, झालं, कापतोय आता. तर मूठभर जोंधळं टाकलं त्येनं.

म्हनून सांगते, अंधार पडल्यावर त्या वाटंनं जाऊ नगा. तांबडा आता म्हातारा झालाय. परवापास्नं आरवला न्हाई. माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. आन सुबराव आजबी पंखा बघाया गेलाय. सडकंनं जा म्हनलं, तर लांब पडतं म्हनला.

कुणाचं पाव्हणं डोंगरात असलं तर एक गावरान पिल्लू आना गं बायांनो. नर बघून आना.