पाणी नव्हे, लघवी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सर्वेसर्वा आदरणीय नानासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्तावीस वर्षं या शाळेची घंटा वाजवून आज निवृत्त होणाऱ्या आमच्या सत्कारमूर्ती सरूबाई, सहकारी शिक्षक, पालक आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्या सहावीच्या मुलींनो,

सरूबाईंबद्दल दोन शब्द बोलायला मला सांगितलंय. 'जरा सांभाळून' असंही सांगितलंय. मला सातवा महिना आहे, सांभाळण्यासारखं पुष्कळ आहे. तेव्हा दोन शब्द सांगूनच टाकते: लघवी सुटते.

हसा, हसून घ्या. महिन्यापूर्वी फळ्यावर समास लिहिताना खडूच्या धुळीनं मला शिंक आली आणि साडी ओली झाली. मी मराठीची शिक्षिका, एम. ए. झालेली, पण तो एक शब्द तोंडातून निघेना. दाराशी सरूबाई होत्या. त्यांना म्हणाले, "सरूबाई, पाणी गेलं."

सहाव्या महिन्यातल्या बाईनं असं म्हटल्यावर कुठली जाणती बाई स्वस्थ बसेल? "आगं माय! स्वरदाम्याडमचं पानी गेलं!" आरोळी अशी, की वरच्या मजल्यावरचे वर्ग बाहेर आले. रिक्षा आली, दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी तपासलं. "गर्भपिशवीचं पाणी नाही हे. बाळ उत्तम आहे. ही लघवी आहे, कितीतरी जणींना होतं." आणि हो, मुलींनो, पाणी की लघवी कळत नसेल तर घरी अंदाज बांधू नका, दवाखानाच गाठा.

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांचा निरोप आला: "बाळंतपण होईस्तोवर घरी थांबा. मुलांसमोर बरं दिसत नाही." रागावू नका नानासाहेब, मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. मी पाण्याचा घोटसुद्धा बंद केला आणि रजेचा अर्ज लिहिला.

अर्ज न्यायला सरूबाई आल्या. त्यांनी माझी भरलेली बाटली पाहिली. त्या पाचोडकडच्या, मेंढरांमागं वाढलेल्या. म्हणाल्या, "म्याडम, गाभन मेंढीचं पानी कुनी तोडतं का? मला चार लेकरं झाली. चारी येळंला शिंकले की मुतले. म्हनून काय मेंढरं वळायची सोडली व्हय?" अर्ज त्यांनी नेलाच नाही.

डॉक्टरबाईंनी व्यायाम दिला होता. लघवी रोखताना जे आवळतो ते आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सैल सोडायचं, असं दहा वेळा. मी विसरायचे. मग सरूबाईंनीच ठरवलं, तासाची घंटा झाली की म्याडमनं आवळायचं. तुम्हाला घंटेला डबा आठवतो. मी वर्गात उभ्या उभ्या पाच मोजत असते. कुणाला कळलं का आजवर? या भाषणातही दोनदा आवळून झालंय. शिंक येणार वाटलं की आधी आवळते. पॅड लावते, पाणी पोटभर पिते, जळजळ झाली तर डॉक्टरांना दाखवते. यात लाज कसली?

पाणी प्यायलं की जावं लागतं. आमचं स्वच्छतागृह तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर एक आहे, त्यावर पाटी 'फक्त पाहुण्यांसाठी' आणि भलंमोठं कुलूप. पाहुणे येतात वर्षातून दोनदा, झेंडावंदनाला. सरूबाई महिनाभर रोज स्वतःजवळच्या किल्लीनं ते माझ्यासाठी उघडत होत्या. ऑफिसनं दोनदा तंबी दिली. त्या म्हणाल्या, "काढा मला, तसंबी चाललेच हाय." आज त्या चालल्या. मग उद्यापासून मी काय करायचं? पुन्हा पाणी तोडायचं, की तो अर्ज शोधायचा?

सरूबाई, तुमच्यामुळं मी आज वर्गात आहे. माझ्या आईनंसुद्धा मला हे सांगितलं नव्हतं. मी तुमची ऋणी आहे, आणि हे म्हणताना मला रडू येतंय, तेही येऊ दे.

नानासाहेब, ती किल्ली आज सकाळी सरूबाईंनी नियमाप्रमाणे ऑफिसात जमा केली. त्याआधी कुलूप मी काढून घेतलं. ते माझ्या पर्समध्ये आहे, आणि माझ्यानंतर जिला दिवस जातील त्या शेवटच्या शिक्षिकेपर्यंत ते दाराला लागणार नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही अधिक-उणं बोलले असेन तर पोटात घाला. माझ्या पोटात आता जागा नाही. शाल-श्रीफळ होऊ द्या, मी तळमजल्यावर जाऊन येते.