आबांचा गहू दुबईला निघाला तेव्हा

चहा घेता घेता ऐका, आणि थाप म्हणून हसू नका. मांडवगण फराट्याच्या आमच्या आबांचा गहू दुबईला निघाला होता. गोण्यांवर गावाचं नाव छापलेलं. निघताना गावानं एवढे नारळ फोडले, की शेवटी कुत्रीसुद्धा खोबऱ्याकडं बघंनात. रफिकभाईचा ट्रक, शेजारी आबा आणि मी.

"गावाचं नाव निघंल आता जगात," आबा सारखे म्हणत होते.

बंदराच्या गेटवर साहेब म्हणाला, "गव्हाची निर्यात बंद झालीय. ट्रक फिरवा."

"आवो, पण आपण जग पोसणार, असं सरकारच म्हणत व्हतं न्हवं?"

"ते मागल्या महिन्यात, आबा."

ट्रक परत फिरला, दौंड आलं. रफिकभाई म्हणाला, "आबा, गहू टिकतो. सरकारचं मन पुन्हा बदलंल."

"व्हय, पण तवर मी टिकाया पायजे."

घरी पोचलो, तर प्रवासातून आलेल्यांची दृष्ट काढायला आबांच्या कारभारीण माई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या. आबांनी त्यांचा हात धरला.

"माझ्यावरनं नगं, गोण्यांवरनं ओवाळ. परदेशी गहू निघाला व्हता. मी नुसता पोचवाया गेल्तो."