रोग्याच्या जागी सही

थोरल्या भावाची खाट शेवटी राहिली, पण माझ्या सहीनं ती जवळजवळ घालवलीच होती. मी दुसरीपर्यंतच शिकलो, तरी अंगठा कधी दिला नाही.

भावाचा आजार बरा होणारा नव्हता. त्याला कोंढ्याहून भंडाऱ्याला, शेवटचे दिवस सांभाळणाऱ्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिथल्या कागदपत्रं पाहणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकाजी, सरकारी विम्याचा कागद आज गेला नाही, तर खाट सोडा लागते. वाचून सही करा."

चष्मा घरी राहिला, असं मी सांगितलं. पहिली रिकामी रेघ दिसली, तिथं झोकात सही ठोकली.

बाईंनी कागद पाहिला. "काकाजी, ही रोग्याची जागा. मी सहा महिन्यांवर जगणार नाही, मले इलाज नको, असं तुम्ही लिहून दिलं."

"मंग खोडा."

"खोडलेला कागद चालत नाही."

"मंग दुसरा द्या."

"पहिला रद्द कराले रोग्याची सही लागते."

"रोगी तिकडे झोपून हाये."

"कागदावर रोगी तुम्हीच."

खाटेवरून भाऊ बोलला, "बाई, खाट याले देऊन टाका. याच्यापाशी सहाच महिने हायेत. मी थांबतो."