माझा एकट्याचा रास्ता रोको

आजकालची पोरं मोबाईलवर आंदोलन करतात म्हणून मी लई हसायचो. परवापासनं गप हाय, का ते ऐका.

आमच्या फाट्यावर सकाळची बस थांबायची न्हाई आन् पोरींचं यवतचं कॉलेज बुडायचं. माझी नात प्राजू रोज पळत्या बसचा व्हिडिओ काढून फेसबुकवर टाकायची. मी म्हणलो, "त्यानं बस थांबती व्हय गं? आम्ही तहसीलदार येस्तोवर रस्त्यावरनं उठत न्हवतो!"

"मग बसा की आबा. सोमवारी आमचा पेपर हाय."

सोमवारी बस दिसली तसा मी रस्त्याच्या मधोमध मांडी ठोकली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मी मूठ वर करून वरडलो, "न्हाई चालणार!"

मागनं "न्हाई चालणार" म्हणायला कुणीच न्हाई. वळून बघतो तर फाटा मोकळा.

"आबा, बाजूला सरका!" प्राजू बसच्या खिडकीतनं वरडत हुती. सगळ्या पोरी कवाच आत चढल्या हुत्या.

"अगं, अजून तहसीलदार यायचाय!"

"तहसीलदार कशाला? गाडी थांबली न्हवं? उठा, पेपर चुकंल. आन् उद्या बी ह्याच टायमाला या!"