बायकोचा जेष्ठमध

...आन् वरून सारा तांडा मलेच नावं ठेवते, म्हने हिरासिंगनं बायकोचं औषध खाल्लं. खाल्लं, कबूल हाय. पन तुमाले सांगतो, औषध कसं कडू पाह्यजे का नाही? हा जेष्ठमध गोड होता न बाप्पा, मी काय करू?

साठ सालची गोष्ट. आमच्या रुपीचं लगन तीन दिवसांवर आलं आन् तिची माय, माही बिजलीबाई, तिचा आवाजच गेला. महिनाभर लग्नाची गानी म्हनली, मिरच्या कुटल्या, गळा बसला. आता आमच्या बंजाऱ्यात लेक सासरी निघताना मायच्या गळ्यात पडून ढावलो म्हनते, म्हंजे रडत रडत गाते, आन् माय तिच्या सुरात सूर मिळवते. मायच मुकी, तं लेकीनं रडाव कोनासंग?... म्हून मले धाडलं घाटंजीच्या बाजारात.

तिथं गुलाम नबी, जडीबुटीवाला. म्हने, "हिरासिंगभाऊ, ये मुलेठी है, तुम्हारा जेष्ठमध, भाभी को बोलो मुँह में रखके चूसे, परसों तक गला खुल जाएगा. लो, तुम भी चखो." आता हे त्यानं कायले म्हनाव? चाखली. दिसाले लाकूड, पन रस असा का गुळानं लाजाव. मंग दोन कोस पायी, ऊन डोक्यावर, घसा कोरडा, पुडी खिशात... एक कांडी चोखली, म्हनलं बाकीच्या तिलेच. नाल्यापाशी दुसरी. मंग मोजाचंच सोडून देल्लं. गोड होता न बाप्पा.

घरी बिजलीबाईनं पुडी उघडली, तं नुस्ता कागद. म्हनलं आता शिव्या बसतीन, पन आवाज कुठं होता तिले? तिनं माह्याकडं पाह्यलं, कागदाची घडी केली, चुलीपाशी ठेवली आन् भाकर थापाले बसली. शिव्या परवडल्या असत्या, तुमाले सांगतो. परत जातो म्हनलं, तं गुलाम नबी पुढच्या बाजारालेच येनार.

निघाची वेळ झाली. रुपी मायच्या गळ्यात पडली, पहिली ओळ म्हनली आन् थांबली. बिजलीबाईनं तोंड उघडलं... हवा. नुस्ती हवा. रुपी मायले याडी म्हने; हळूच बोलली, "याडी, काही तरी म्हन न." मायच्या गळ्याच्या शिरा ताठल्या, ओठ हालून राह्यले, आवाज नाही. मले पाह्यवलं नाही. म्हनलं, तिचा सूर आपल्या पोटात गेला, आता आपल्यालेच काढून देनं लागन. गेलो, दोघींच्या बाजूले उभा राह्यलो आन् बिजलीबाईच्या ओठांकडं पाहून गाऊ लागलो. बायांचं गानं, आन् गाते कोन, तं हा मिशावाला. सारे हासले. व्याही फुलसिंग तं पोट धरून हासला, मंग पागोट्याच्या शेवानं डोये पुसत बसला. ती ओठ हालवे, मी म्हनो, रुपी रडता रडता पुढची ओळ उचले... शेवटच्या ओळीपर्यंत म्हनलं. गळा तं असा साफ लागला का काय सांगू. गोड होता न बाप्पा.

आठ दिवसांनी बिजलीबाईचा आवाज आला. पहिली गोष्ट काय बोलली? "दुसऱ्या ओळीत चुकले तुमी."

आता आजूबाजूच्या कोन्त्याही तांड्यात लेकीचं लगन असलं, का मले बलावनं येते. जेवाले नाही... रडाले.