अक्षरं खाली जाताना

(खाणीवरची टेकडी. दुपार. गवतात तारेचं मोठं वेटोळं पसरलंय.)

ऑपरेटर: ...तारेवर पाय पडला तरी चालेल, वहिनी. चटका बसत नाही.

वहिनी: म्हणजे मी उभी आहे तिथूनच शब्द खाली जातात?

ऑपरेटर: तुमच्या पायांखालून, मुळांखालून, तीनशे मीटर खडकातून. साधा फोन दगडापुढे हात टेकतो. ही लहर जाते. फक्त एकेक अक्षर उमटायला अर्धं मिनिट लागतं.

वहिनी: हे खाली अडकलेत, तिथे ह्यांना दिसतं ते?

ऑपरेटर: कमरेच्या डबीवर दिसतं. उत्तर मात्र देता येत नाही. दादा हातोडीने भिंत ठोकतात, आम्ही इथे ऐकतो. 'बसून राहा, संध्याकाळपर्यंत पोचतो,' असं तीनदा कळवलं. पण ठोके पुढेच सरकतायत, जुन्या बोगद्याकडे. तिथली हवा विषारी आहे.

वहिनी: कुणी बस म्हटलं की ह्यांना उभं राहायचंच असतं.

ऑपरेटर: म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुम्ही सांगा. मोजकंच.

वहिनी: चार दिवस आमचा अबोला आहे, भाऊजी.

ऑपरेटर: मग आता सोडा तो!

वहिनी: किती शांत आहे इथे. नुसती हाक मारली तरी ऐकतील असं वाटतं... लिहा, 'चहा टाकते'.

ऑपरेटर: अहो, माणूस मरणाच्या दारात चाललाय!

वहिनी: भांडण झालं की आधी माघार घेणाऱ्याने तेवढंच म्हणायचं. मग दुसऱ्याने असेल तिथे बसायचं. एकवीस वर्षांत ह्यांनी हे मोडलेलं नाही. पाठवा हो, माझा जीव थाऱ्यावर नाही.

ऑपरेटर: पाठवतो... 'च' गेला.

वहिनी: कुठवर गेला असेल?

ऑपरेटर: पोचलासुद्धा.

वहिनी: मला वाटलं, अजून मुळांपाशीच असेल.

ऑपरेटर: 'हा'... 'टा'... 'क'...

वहिनी: एवढ्यात घरी पाणी उकळलं असतं.

ऑपरेटर: 'ते'. झालं. आता बोलू नका.

(दोघं तारेजवळ वाकून कान देतात.)

ऑपरेटर: ठोके थांबले.

वहिनी: भाऊजी?

ऑपरेटर: थांबा... आले! आणि जागा तीच आहे. वहिनी, दादा बसले!

वहिनी: बसले ना? खरंच बसले? मग मीही बसते...

ऑपरेटर: पण हे काय? तीन ठोके. पुन्हा तीन. आमच्यात असली काही खूण नाही.

वहिनी: साखर. तीन चमचे मागतायत. डॉक्टरांनी बंद केलीय.

ऑपरेटर: मग काय कळवू?

वहिनी: 'बरं' म्हणा.